बाकावर कोण बसणार

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघांची एक शिडी आहे. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला चौकटीला पाठ लावून उभे करायचे, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, इतकाच तिचा आजवरचा उपयोग होता. गेल्या महिनाभरात मात्र या शिडीला भराभर पायऱ्या फुटल्या आहेत. खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचे आम्ही ठरवले आणि तिथल्या ज्या एका राईडसाठी आमच्या साडेसहा वर्षांच्या चिरंजिवांनी जीव टाकला आहे, तिला लागणाऱ्या उंचीला ते एका सेंटीमीटरने कमी पडतात, असे निष्पन्न झाले. तेव्हापासून ते दिवसातून निदान चार वेळा चौकटीपाशी जाऊन उभे राहतात आणि घरात जो कोणी मोकळा दिसेल त्याच्या हातात पट्टी देतात.

सहलीची आखणी म्हणजे तारीख ठरवणे आणि तिकिटे काढणे, अशी माझी समजूत होती. तारखेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. मे महिन्यात घाटाखालचे ऊन लहान मुलांच्या सोसण्यापलीकडचे असते. पावसाळ्यात खोपोलीला जो पाऊस कोसळतो त्यात उघड्यावरच्या राईड केव्हा बंद होतील याचा नेम नाही, आणि शनिवार-रविवारी बोरघाटात अडकलेल्या गाडीत अडीच वर्षांची मुलगी घेऊन बसणे हा काही करमणुकीचा प्रकार नव्हे. उरला हिवाळ्यातला मधला वार. शाळेच्या गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मुलांना जी सुट्टी मिळते, ती आई-बापांनी कधीच वाया घालवू नये असे माझे ठाम मत आहे. आपल्या शाळेला सुट्टी आणि बाकी साऱ्या शाळा चालू, असा योग वर्षातून एकदाच येतो. आमच्या नशिबाने तो यंदा मंगळवारी आला.

तिकिटांपाशी मात्र उंचीने पहिल्यांदा डोके वर काढले. आपल्याकडच्या अशा बहुतेक पार्कांत लहान मुलाचे तिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते. माझे लहानपण एसटीच्या अर्ध्या तिकिटात गेले. पाच ते बारा वर्षे वयाला अर्धे तिकीट आणि पाचाच्या आत काहीच नाही, हा नियम तेव्हा घरोघरी पाठ असे. कंडक्टरने विचारले तर चारच वर्षे सांगायची, अशी तालीम स्टँडवर उभ्या उभ्या दिली जाई आणि माझ्यासारखी एखादी हिशेबी मुलगी ऐन वेळी ‘पण माझा वाढदिवस तर झाला’ असे म्हणून सगळ्यावर पाणी फिरवी. वय लपवता येते, उंची लपवता येत नाही, एवढ्यासाठीच बहुधा पार्कवाल्यांनी काठी उभी केली असावी. पण या काठीमुळे पालकांची जी पंचाईत होते तिला तोड नाही. तिकिटाच्या खिडकीशी पोर शक्य तितके बुटके भरावे आणि तेच पोर राईडच्या दाराशी शक्य तितके उंच भरावे, अशी दुहेरी इच्छा मनात बाळगून आम्ही त्याच्याकडे पाहत असतो.

जाड तळव्याचे बूट घालून तो एक सेंटीमीटर भरून काढावा, अशी सूचना शेजारून आलीच. ती मी मान्य केली नाही. उंचीची अट ही कोणा व्यवस्थापकाची लहर नसते. राईडमधला मांडीवर किंवा खांद्यावरून छातीवर येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. तो कमरेच्या हाडावर आणि खांद्यावर नीट टेकला, तरच त्याचा उपयोग. होडी किंवा डबा उतारावरून खाली झेपावतो तेव्हा शरीर क्षणभर आसनावरून उचलले जाते आणि नेमक्या त्याच क्षणी लहान अंगाचे मूल दांड्याखालून निसटण्याची भीती असते. बुटाचा तळवा उंची वाढवतो, कंबर आणि खांदे काही रुंद करीत नाही. हे मी चिरंजिवांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पट्टी पुन्हा माझ्या हातात दिली.

यानंतर मी एक तक्ता करायला बसले, आणि सहलीचे खरे रूप तिथे उघड झाले. आम्ही जाणार सहा जण: मी, नवरा, दोन मुले, सासूबाई आणि सासरे. लग्नपत्रिकेवर छापतात तसे अगदी सहकुटुंब सहपरिवार. पण एकेका राईडसमोर तिच्या अटी लिहीत गेल्यावर असे दिसले की सहा जण एकत्र बसू शकतील अशी जागा त्या सबंध बागेत जेवणाचे टेबल सोडल्यास जवळजवळ नाही. मोठ्या रोलर कोस्टरला मुलगा चालत नाही. मुलाच्या मापाच्या राईडमध्ये सोबत एक मोठे माणूस लागते आणि मुलगी चालत नाही. मुलीच्या मापाच्या चहाच्या कपांत मुलगा बसायला तयार नाही, कारण ते ‘बाळांचे’ आहे. सासऱ्यांना रक्तदाब, त्यामुळे वेगाचे सगळे बाद. सासूबाईंचे गुडघे चढ-उतार करू देत नाहीत. ज्याला आपण कुटुंबाची सहल म्हणतो, ती प्रत्यक्षात कुटुंबाच्या फाळणीची तपशीलवार योजना असते. प्रत्येक तासाला कोण आत जाणार आणि मुलीला, पिशव्यांना आणि उरलेल्या मंडळींना घेऊन बाहेरच्या बाकावर कोण बसणार, एवढेच काय ते ठरवायचे असते.

यातली गंमत अशी की हा सगळा खटाटोप जगात सुरू झाला तो बाकामुळेच. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घेऊन जात असे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फिरत आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. आई-बापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. मोठ्या माणसाला बाकावरून उठवण्यासाठी ज्या बागेचा जन्म झाला, तिच्या वंशातल्या बागांत जाण्यासाठी मी सत्तर वर्षांनंतर बाकाचेच वेळापत्रक आखत बसले होते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिने फोनवर सांगितले की तिकडच्या डिस्नेच्या बागांत यावर ‘रायडर स्विच’ नावाचा तोडगा आहे: एका पालकाने राईडमध्ये जायचे, दुसऱ्याने लहानग्याला घेऊन थांबायचे आणि पहिला बाहेर आला की दुसऱ्याने सगळी रांग नव्याने न लावता आत जायचे. सोय उत्तमच आहे. पण तीही शेवटी बाकावर बसण्याच्या पाळ्यांचीच सोय.

सासूबाईंनी माझा तक्ता चष्मा लावून वाचला. आपल्या नावापुढे सगळीकडे ‘बाक’ लिहिलेले पाहून त्या काही बोलल्या नाहीत, फक्त जरा वेळाने म्हणाल्या, ‘ते हत्ती वर-खाली होत गोल फिरतात म्हणालीस ना, त्यात मोठ्यांना बसू देतात का गं?’ त्यांच्या गावच्या जत्रेत आकाशपाळणा येत असे. पाळणेवाला पोरांना काखेत धरून उचलायचा आणि पेटीत ठेवायचा. उंची मोजायला त्याच्याकडे काठी नव्हती, त्याच्या हाताला वजन कळायचे. मी पाहिले, हत्तींच्या त्या राईडला लहानग्यांबरोबर मोठी माणसे चालतात. तक्त्यातला एक बाक मी खोडला आणि तिथे सासूबाई आणि मुलगी अशी जोडी लिहिली.

खाण्याचा प्रश्न त्यांच्याच अखत्यारीतला होता. आपल्याकडच्या अशा बागांत बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, बाळाच्या खाण्याला तेवढी सूट असते. सहल आणि दशम्यांचा डबा यांचे नाते ज्यांच्या मनात पक्के आहे त्यांना हा नियम सांगणे अवघड गेले. अखेर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी हे सगळे घाट उतरल्यावर, बागेच्या अलीकडे, गाडीतच खायचे असे ठरले. घाट उतरण्याआधी काहीही खायचे नाही, कारण मुलीला वळणे लागतात. तिच्यासाठी आवळ्याची सुपारी, जास्तीचे कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढच्या कप्प्यात ठेवायच्या आहेत. शिवाय दोन्ही मुलांच्या मनगटावर पेनाने आमचे फोन नंबर लिहायचे आहेत. दुपारी दीड ते तीन मुलीची झोप. ती कोणाच्या तरी मांडीवर होईल, म्हणजे पुन्हा एक बाक.

एवढे झाल्यावर सासूबाईंनी गणपती काढले. खोपोलीपर्यंत जायचे, तर महडचा वरदविनायक अगदी वाटेवर आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याने पुढे. अष्टविनायकांतले दोन गणपती इतक्या जवळ असताना दर्शन न घेता परत यायचे हे त्यांच्या मनाला पटेना. मुले संध्याकाळपर्यंत गळून गेलेली असतील, या सबबीवर मी दोन्ही खोडले.

आता त्या राईडविषयी सांगायला हवे. ती राजासॉरसची आहे. होडीत बसून जंगलातून जायचे, वाटेत डायनोसॉर भेटतात आणि शेवटी होडी पाण्यात धाडकन खाली येते. आमच्या चिरंजिवांना पाण्याचे काही नाही, राजासॉरसचे आहे, कारण तो आपला आहे. गुजरातेत बालासिनोरजवळच्या राहिओली गावात त्याची हाडे मिळाली आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळाले, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकावे लागते. सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी नातवाला समजावण्यासाठी एक वेगळीच वाट काढली. हा प्राणी हिंडत होता ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरत होते. बोरघाटात रस्त्याच्या कडेला जो काळा कातळ दिसतो तो त्याच लाव्हाचा आहे. म्हणजे राजासॉरसच्या काळातला दगड तुला गाडीच्या काचेतूनच दिसणार, त्याला तिकीट नाही आणि उंचीची अटही नाही. नातवाने विचार केला आणि म्हणाला, ‘आजोबा, पण तो दगड आहे.’

हे सगळे चालू असताना चौकटीवरच्या रेघा वाढतच होत्या. परवा दार पुसताना माझ्या लक्षात आले की त्या जोडीजोडीने आल्या आहेत. प्रत्येक तारखेच्या दोन-दोन रेघा, एक जरा वर, एक जरा खाली. सकाळी पट्टी मी धरते आणि संध्याकाळी नवरा, तेव्हा दोघांपैकी कोणाची तरी पट्टी तिरकी पडते असे मी धरून चालले आणि ती कोणाची, यावर थोडा वादही झाला. मग वाचून पाहिले. माणूस सकाळी खरोखरच उंच असतो. रात्री आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर उभे राहून, बसून वरच्या भाराखाली पुन्हा दबतात. दोन्हींतला फरक साधारण एक सेंटीमीटरच्या घरात जातो. चिरंजिवांची सकाळची रेघ राईडच्या आकड्याला अगदी टेकत होती.

मी लगेच तक्ता फिरवला. मूळ बेत दिवसाची सुरुवात छोट्या हत्तींपासून करायचा होता. आता दार उघडताच मी आणि मुलगा थेट राजासॉरसकडे जाणार आणि उरलेले चौघे तिथल्याच बाकावर थांबणार. उंची त्याचीच आहे, फक्त सकाळची आहे. त्यामुळे यात बुटांच्या तळव्यासारखी काही लबाडी नाही, असे मी स्वतःला बजावले. तरीही काठीपाशी उभ्या असलेल्या माणसाने नाही म्हटले तर तिथून निमूटपणे मागे फिरायचे, हेही चिरंजिवांकडून कबूल करून घेतले.

माझी चूक एवढीच झाली की मी वाचलेले सगळे मोठ्याने सांगितले. दिवसभरात जी उंची कमी होते तिच्यातली बरीचशी उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतच कमी होते, हे वाक्य चिरंजिवांनी ऐकले आणि जाहीर केले, ‘आई, मी खोपोलीपर्यंत आडवा होऊन येणार. उभाच राहणार नाही.’ पट्टा बांधून आडवे कसे होणार, हा नवऱ्याचा प्रश्न रास्त होता. बरीच चर्चा झाली. आमच्या गाडीत मधल्या रांगेत एकच खुर्ची नीट मागे झुकते आणि ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी राखून ठेवलेली होती. त्यांनी ती नातवाला दिली आणि स्वतः मागच्या रांगेत दशम्यांच्या डब्याशेजारी बसायचे कबूल केले. बदल्यात परतीच्या वाटेवर महडचा वरदविनायक पक्का झाला आहे. पालीविषयी अजून बोलणी चालू आहेत.