तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी घरीच का धुतो, कशी धुतो

माझी काळी ऑडी टीटी जळगावात कुठेही उभी केली की लोक दोन गोष्टी विचारतात. पहिली ॲव्हरेजची, ती एका वाक्यात सांगून होते. दुसरी अशी : "भाऊ, एवढी भारी गाडी आन् घरीच धुता? ओरखडे नाही पडत?" याचं उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ओरखडे पडतात. माझ्याच गाडीला पडले होते. पुण्याहून जुनी टीटी घेऊन आलो, तेव्हा माझे वडील रोज सकाळी सहाला कोरडं फडकं घेऊन ती पुसायचे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. फडकं जुन्या बनियनचं, मऊ, स्वच्छ धुतलेलं. त्यांनी त्यांची राजदूत वर्षानुवर्षं अशीच पुसली होती. दोनेक महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपावर थांबलो आणि बॉनेटकडे लक्ष गेलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा उमटल्या होत्या. सगळ्या बॉनेटवर. पोटात खड्डाच पडला.

त्यात फडक्याचा दोष नव्हता. फडक्याखाली जी धूळ होती, तिने ते केलं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, आणि तिच्यात रस्त्याच्या खडीची कच मिसळलेली. आताच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक त्या थरात असते. कोरडी धूळ त्यावर फिरवली की फडकं कितीही मऊ असो, पॉलिश पेपरचं काम होतं. म्हणून धूळ बसलेल्या गाडीवर कव्हरही घालू नका. मे महिन्याच्या वाऱ्यात ते कव्हर दिवसभर हलत राहतं आणि गाडी घासत राहतं.

वॉशिंग सेंटरला एकदा दिली होती. आधी शेतातून आलेली जीप धुतली, आणि तोच स्पंज तसाच माझ्या दारावर फिरला. पोराची चूक नाही, त्याला दिवसाला वीस गाड्या उरकायच्या असतात. पण त्या दिवसापासून गाडी घरीच धुतो.

आता पद्धत. गाडीला हात लावण्याआधी धूळ जितकी निघेल तितकी पाण्यानेच काढायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी मी प्रेशर वॉशर घेतला नाही. आपल्याकडे कपाशी-केळीवर फवारायला जो 16 लिटरचा बॅटरीचा पाठीवरचा पंप मिळतो, तो नवा कोरा घेतला. नवाच घ्या, ज्यात एकदा औषध भरलं तो गाडीसाठी नको. आधी साधं पाणी, मग कार शाम्पूचं पातळ पाणी, वरून खाली फवारायचं आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. काळे ओघळ दारावरून खाली उतरताना दिसतात. उन्हात मात्र हे करायचं नाही. इथे पारा 45 वर जातो, तापलेल्या पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळतो आणि त्याचे डाग बसतात. मी साडेपाचला सुरू करतो, पत्रा रात्रभर निवलेला असतो. तुमच्याकडे प्रेशर वॉशर असेल तर नोझल दीड-दोन फूट लांब धरा, आणि दारांची रबरं, रेडिएटरची जाळी, टायरची बाजू यांवर थेट धार मारू नका. इंजिन मधे किंवा मागे असलेली गाडी असेल, तर हवा आत घेणाऱ्या फटींपासूनही धार दूर ठेवा.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग सरळ रेषेत, दाब न देता पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. गोल-गोल फिरवायचं नाही. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी, कारण कच तिथेच जास्त. दोन्ही बादल्यांच्या तळाशी प्लास्टिकची जाळी ठेवलेली आहे, म्हणजे खाली बसलेली कच मोज्याला पुन्हा लागत नाही. धुऊन झालं की साध्या पाण्याची बादली हळूच ओतून बघा. तळाशी काळा गाळ राहतो, तो चिमटीत चोळा. कचकच लागते. मी नानांना हेच दाखवलं. त्यांनी चिमूट बराच वेळ चोळली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कोरडं फडकं गाडीपाशी आलं नाही.

भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्सचा थर काढून टाकतो. चाकांना तिसरी बादली आणि वेगळा ब्रश. ब्रेकच्या लोखंडी भुकटीचं फडकं रंगाला लागता कामा नये. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर ब्रेकच्या गरम डिस्कवर (चाकामागच्या लोखंडी चकतीवर) गार पाणी टाकू नका, डिस्क वाकू शकते.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही गावाला लागू आहे. आपला खरा प्रश्न पाण्याचा. कूलरच्या जाळीवर उन्हाळ्याअखेर जो पांढरा, खरखरीत थर बसतो, तोच बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की गाडीवर बसतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. काळ्या गाडीवर प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं उठून दिसतं, आणि उन्हात राहिलं तर क्लिअर कोटमध्ये उतरतं. म्हणून मी पूर्ण गाडी एकदम भिजवून ठेवत नाही. एक बाजू धुतली की लगेच मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून, न घासता, अलगद ओढून पाणी टिपतो. शेवटचं पाणी गोडं वापरतो : पावसाळ्यात गच्चीवरून पिंपात धरलेलं, नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकणारं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मे महिन्यात हवा कोरडी, एसीचं पाणीही फारसं निघत नाही. तेव्हा आरओचं पिण्याचं पाच लिटर पाणी पुरवून वापरतो. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा असं बरेच जण सांगतात. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्याहूनही जास्त क्षार असतात. ते फार तर चाकांवरच्या कमानीतला चिखल काढायला घ्या.

डाग पडलेच असतील तर उपाय ठिबकवाल्या शेतकऱ्याला माहीत आहे. क्षाराने नळ्या चोंदल्या की तो त्यांत आम्ल सोडतो. गाडीला तेच तत्त्व, पण फार सौम्य : पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, सावलीत, मिनिटभर ओलं फडकं ठेवायचं, मग भरपूर धुवायचं. ठिबकचं आम्ल मात्र गाडीच्या जवळही नको. रंग जाईल, ॲल्युमिनियमची चाकं जातील.

कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर पक्ष्याची विष्ठा कोरडी खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, आपोआप सुटते. आणि उशीर करू नका, ती रंग खाते.

टीटीच्या दोन खुब्या सांगतो. मागचा स्पॉयलर, म्हणजे डिकीवरची वर येणारी पट्टी, आतल्या बटणाने वर करून धुवा, त्याच्या खाली अर्धी मूठ माती असते. दाराच्या काचेला वर चौकट नाही, त्यामुळे धुतल्या-धुतल्या दार उघडलं तर काचेच्या कडेचं पाणी थेट सीटवर. आधी कड टिपा.

हे सगळं मी दहा-बारा दिवसांतून एकदा करतो. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू देतो. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं, नानांना तर फारच. आता चाकांची बादली त्यांच्याकडे आहे. सकाळी सातपर्यंत आवरलं की ओल्या डिस्क वाळवायला गाडी थोडी फिरवावी लागते, म्हणून आम्ही दोघं मेहरूण तलावापर्यंत जाऊन येतो. नाना शेजारी बसतात आणि आठवण करून देतात, "ब्रेक हळू दाब रे, अजून ओले आहेत."