वहीचं पान उलटणारं यंत्र: काम कुठवर आलं

उद्देश तोच: टेबलावरच्या वहीचं एक पान उलटायचं आणि त्यासाठी अख्खी खोली अडवायची. रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) असली, क्षुल्लक कामासाठी एका टप्प्याने पुढचा टप्पा सुरू करणारी यंत्रं व्यंगचित्रांत काढायचा. त्याचं बरं होतं, कागदावर गोटी हमखास नेमावर बसते.

या खेपेला सगळा वेळ खाल्ला तो गोटीनेच. तिने एक जाडजूड पुस्तक पाडायचं होतं. १० सेमी उंचीवरून घरंगळलेली गोटी खाली सेकंदाला साधारण १.२ मीटर वेगाने पोचते. वेग झकास, पण वजन जेमतेम ५ ग्रॅम! पुस्तक ढिम्म. उंची वाढवली, तर गोटी वळणावरच पन्हळीबाहेर.

मग तिच्याकडून हमाली करून घेणं सोडलं. आता ३०० ग्रॅम वाळूची पिशवी कप्पीवरून टांगली आहे आणि तिचा दोरा एका आडव्या काडीने रोखून धरलाय. दोरा टेकूपासून १ सेमीवर, काडीचं अडकवलेलं टोक १५ सेमीवर. म्हणजे टोकाशी भार उरतो फक्त २० ग्रॅमचा. टोक टेकतं त्या खिळ्याला मेणबत्ती घासली. आता गोटीची टिचकी बसली की काडी सुटते, पिशवी धाडकन खाली, पुस्तक आडवं. टांगलेल्या पिशवीत जशी ऊर्जा साठलेली असते, तशीच उभ्या डॉमिनोतही, म्हणजे रांगेत एकमेकांना पाडत जाणाऱ्या ठोकळ्यांतही असते. म्हणून तर एक ठोकळा स्वतःच्या दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो. ५ सेमीपासून सुरुवात केली, तर पाचवा ठोकळा २५ सेमीचा! ती रांग लावून झाली. मधले चार-पाच ठोकळे मात्र शेवटच्या क्षणापर्यंत काढून ठेवायचे, नाहीतर बाहीचा धक्का लागला की सगळं मुसळ केरात.

प्रत्येक टप्पा सुटा तपासतोय, कंटाळा आला तरी. टप्पा शंभरात ९५ वेळा चालत असेल, तर २० टप्प्यांचं यंत्र जेमतेम ३६ वेळा तडीस जातं. ९९ वेळा चालत असेल, तर ८२ वेळा.

राहिलं खुद्द पान. कोपऱ्याला चिकटवलेला दोरा शिवणीच्या बरोबर वरून ओढला, की पान ताठ उभं राहतं आणि तिथेच थांबतं. कप्पी डावीकडे सरकवली तर ते पलीकडे कलंडायला हवं. पण मग दोरा डॉमिनोंच्या वाटेत येतो, म्हणजे आधी ती रांग वळवणं आलं.