कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना: माझा अनुभव

इंजिनिअरिंगचा विचार का करावा, याचं एक कारण घरच्या चर्चेत फारसं येत नाही. महाराष्ट्रात कॅपच्या (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) जागा मेरिटच्या उघड याद्यांवरून भरतात; ओळख नको, डोनेशन नको. त्यात ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही सवलत नाही.

मी २०२५ च्या कॅपमधून गेलो. त्या वर्षी फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि ऑटो फ्रीज, म्हणजे सीट आपोआप पक्की होणं, वाढलं: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की ती सीट पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंतीक्रमाने भरलेली यादी, त्यामुळे तिचा सगळा जीव वरच्या सहा ओळींत असतो. खाली तीनशेपर्यंत भरा, हरकत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की मिळण्यासारखं कॉलेज वर टाकलं तर चान्स वाढतो. अजिबात नाही. तुमचा मेरिट नंबर आला की कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. तेच कॉलेज दुसऱ्याने पहिलं आणि तुम्ही चाळिसावं टाकलं, तरी नंबर वरचा असेल तर सीट तुमची. म्हणून क्रम आवडीचा लावायचा, कटऑफचा नाही. फक्त एक नंबरला असंच टाका, जे मिळाल्यावर दुसरीकडे बघावंसं वाटणार नाही.

कटऑफची पीडीएफ उघडली की कोड दिसतात. सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या जागा, मधे प्रवर्ग, शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांच्या जागा, ओ असेल तर बाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावरून, घरच्या पत्त्यावरून नाही. नाशिकला राहून बारावी लातूरला केलेल्यांची इथेच गल्लत होते, आणि ते भलत्याच रकान्यातला कटऑफ बघून खूश होतात.

टीएफडब्ल्यूएसला, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांना, वेगळा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-ब्रँचचा नंबर) असतो, शेवटी टी असलेला. साधा कोड टाकला म्हणजे तोही आला असं नाही. वेगळी ओळ भरावी लागते. ट्यूशन फी माफ असल्याने त्याचा कटऑफ बहुतेक वेळा ओपनच्याही वर जातो. तरी उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर साध्या कोडच्या वरच्या ओळीत तो टाकावाच.

ब्रँचबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. कालपरवा सुरू झालेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा जुन्या सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल मी वर ठेवेन. महावितरण, महापारेषण, जलसंपदा, बांधकाम खातं यांच्या इंजिनिअर भरत्या याच ब्रँचवाल्यांसाठी निघतात. प्लेसमेंटचं ‘हायेस्ट पॅकेज’ सोडून द्या. किती मुलं बसली आणि किती लागली एवढंच विचारा. एनबीए, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता, ब्रँचनिहाय असते, गेटवरच्या फ्लेक्सवर भुलू नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घात करतं ते नॉन क्रीमीलेअर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारं उत्पन्नमर्यादेचं प्रमाणपत्र. ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. अर्जाची पावती जोडून तात्पुरतं भागतं, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र गेलं नाही तर थेट ओपनमध्ये. जात वैधतेचंही तेच, म्हणून तो अर्ज अकरावीतच टाकावा.

फॉर्म भरून झाला की कन्फर्म करा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म अलॉटमेंटला धरत नाहीत. सीट लागली की १००० रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी. बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती सीट हातात ठेवून आणखी वरच्या पर्यायासाठी थांबलात, आणि पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला तर आधीची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीआधी यादी पुन्हा वाचा, आणि हातातल्या सीटपेक्षा जे कमी आवडतं ते तिच्या वर राहू देऊ नका.