काचेचं कौल

मृगाच्या आधी कौलं चाळून घ्यायची म्हणून सहा वर्षांनी खानापूरला गेलो. धाकट्या भावाला खरं तर अख्खं छप्पर उतरवून पत्रे घालायचेत. ‘भाडेकरूला काय करायचीत कौलं?’ खरंच आहे. कौलांच्या मातीचं म्हणून आमचं गाव नावाजलेलं, आणि आता गावातच पाऊस पत्र्यावर वाजतो.

स्टँडवर कंडक्टर ‘बेळगाम, बेळगाम’ ओरडत होता. पाट्यांवर २०१४ पासून ‘बेळगावी’ झालंय. ओरडताना जुनंच तोंडात येतं. घराशी शेजारच्या काकूंनी हटकलं, ‘कवा आलास गा? जेवलास?’ आणि उत्तर न ऐकताच ताट वाढायला आत गेल्या.

सकाळी कौलं चाळायला आप्पा आले. सत्तरी उलटली तरी आढ्यावर सरसर चढतात. हाताखाली धारवाडकडचा एक पोरगा. त्याला मराठी कळतं, बोलायचा कंटाळा. आप्पा एकेक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवायचे. टण्ण वाजलं की रिपेवर, बद्द वाजलं की खाली. (मडकं घेताना आईही असंच वाजवायची.)

स्वयंपाकघरावर पोचल्यावर काम थांबलं. काचेचं कौल. आईचं घड्याळ होतं ते. उन्हाचा चौकोन पाट्यापाशी आला की भात चुलीवर, उंबऱ्याला टेकला की आबा शेतातनं येणार. थंडीत सूर्य दक्षिणेला कलायचा आणि चौकोन उत्तरेच्या भिंतीवर चढायचा. तेव्हा हिशोब मिठाच्या कोनाड्यावर. भिंतीवरचं चावीचं घड्याळ होतं, त्याला ती कधी विचारायची नाही. कौलं चाळायच्या दिवशी आप्पाही त्याच भाताच्या हाकेला खाली उतरायचे.

आता त्यावर शेवाळाचा थर, एक कोपरा टवका उडालेला. पोरानं ते माझ्याकडे दाखवत विचारलं, ‘इदु बेडा?’ हे नको?

आप्पा काहीच बोलले नाहीत. पंचवीस वर्षं पुण्यात काढून माझं कानडी बसच्या पाटीपुरतं उरलंय.

‘बेकु,’ मी म्हणालो.

त्यानं शर्टाच्या टोकानं काच पुसली, रिपेवर बसवली. तेवढ्यात भावाचा फोन. पत्र्याचा भाव काढलास का? म्हटलं, पाऊस होऊन जाऊ दे, मग बघू.

पाटा कधीच कुणीतरी नेलाय. चौकोन नुसत्या फरशीवर पडला होता, मी त्याच्याकडे बघत उभा.

वरून आप्पांचा आवाज आला, ‘भात घातलास काय गा?’