प्रेशर 'मर्यादेत' होतं, पाणी मात्र शेजारच्या विहिरीत

फाइलवर तिसऱ्यांदा तोच शेरा आला: 'प्रेशर मर्यादेत आहे. चाचणीची आवश्यकता दिसत नाही.' त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

गुजरातमध्ये खंभात खोऱ्यातल्या एका जुन्या तेलक्षेत्रावर मी कामाला होतो. आमच्या एका इंजेक्शन विहिरीतून सुमारे १३०० मीटर खाली पाणी जायचं, तेल पुढे ढकलायला. तिथून ३०० मीटर अंतरावरच्या तेलविहिरीचा वॉटर कट (निघणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा) दोन महिन्यांत ४५ टक्क्यांवरून ८८ वर गेला. माझा संशय सरळ होता: पाण्याच्या दाबाने खडक फाटलाय आणि भेगेतून पाणी थेट पलीकडे निघालंय. हॉल प्लॉटही तेच सांगत होता. (१९६३ची युक्ती, पण एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होते.) दाब आणि वेळ यांच्या गुणाकाराची बेरीज उभ्या अक्षावर, आत गेलेलं एकूण पाणी आडव्या अक्षावर. रेषेचा चढ अचानक कमी झाला, तर विहीर सोपेपणाने पाणी पिऊ लागलीय असं समजायचं. मात्र खडक मोकळा करायला ॲसिड मारल्यावरही असंच दिसतं, म्हणून आधी दोन वर्षांचं वर्कओव्हर रजिस्टर (विहिरीवरच्या दुरुस्त्यांची नोंदवही) चाळा. आमच्याकडे ॲसिड मारलेलं नव्हतं.

आता अडलं कुठे, ते सांगतो. फॉलऑफ टेस्टसाठी (पाणी थांबवून दाब कसा उतरतो ते बघायला) विहीर तीन दिवस बंद हवी होती, आणि त्यासाठी एक फॉर्म. त्यात रकाना: 'उत्पादनातील अपेक्षित घट'. मी शून्य लिहिलं, फाइल परत. 'नगण्य' लिहिलं, परत. पाणी बंद केल्यावर शेजारी तेल वाढेल असं लिहिलं, तर फोनवर कुणीतरी हसलं. मंजुरी देणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद एका आकड्यावर उभा होता. विहिरीच्या चार्टवर वेलहेड प्रेशरची, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी असलेल्या दाबाची, मर्यादा ८५ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) होती, आम्ही चालवत होतो ७५ ला. मर्यादेच्या आत असताना खडक फाटेलच कसा?

तो ८५ कुठून आला, हे शोधायला मी रेकॉर्ड रूममध्ये दोन दुपारी धूळ खाल्ली. आकडा इंजेक्शन सुरू होण्याआधीचा निघाला. तेव्हा खडक गरम होता, भूगर्भातला दाबही जास्त होता. नंतर तेल काढल्याने दाब उतरला, वरून वर्षानुवर्षं तिशीच्या तापमानाचं पाणी ओतलं गेलं. गार झाला की खडक आकसतो, त्याला चहूबाजूंनी धरून ठेवणारा ताण ढिला पडतो, आणि पूर्वीपेक्षा कमी दाबाला तो फाटतो. म्हणजे मर्यादा खाली सरकत होती आणि चार्ट जागचा हलला नव्हता. दोन पानी टिपण दिलं. उत्तरात पुन्हा 'मर्यादेत आहे'. असे सहा आठवडे गेले.

शेवटी रंगाने काम केलं. विहीर बंद न करता रंग सोडायला स्थानिक परवानगी पुरते. प्रयोगशाळेतून फ्लुओरेसिन घेतलं, इंजेक्शनच्या पाण्यात सोडलं आणि तेलविहिरीचा नमुना दर चार तासांनी घ्यायला सांगितलं. (बाटली तासभर तशीच उभी ठेवा. तेल वर येतं, मग खालचं पाणी वेगळं काढा.) चाळिसाव्या तासाला, पहाटे, ऑपरेटरभाईंचा फोन: "साहेब, पाणी लीलुं थई गयुं!" यूव्ही टॉर्चखाली बाटलीतलं पाणी पोपटी चमकत होतं. खडकाच्या छिद्रांतून झिरपत यायचं तर वर्ष लागलं असतं. तो फोटो मोबाइलवरून वर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सही आली. दोन पानांचं टिपण कुणी वाचलं होतं की नाही, देव जाणे.

रंग आला म्हणजे भेगच, असं नाही. एखादा फार झिरपणारा थरही असं करतो. तो नेहमीच उघडा असतो, दाबाने फाटलेली भेग मात्र दाब उतरवला की मिटते. म्हणून स्टेप रेट टेस्ट: पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढवायचा, दर वेळी दाब नोंदवायचा आणि दोन्हींची रेष काढायची. दिवसाला ६० घनमीटरपासून सुरुवात, मग ९०, १२०, १५०, प्रत्येक टप्पा सारख्याच वेळाचा. फाटण्याच्या खालचे निदान तीन बिंदू हवेतच, नाहीतर रेष कुठे वाकली ते कळत नाही. आमची १८० ला, वेलहेडवर ६२ किलोला वाकली. पाण्याच्या स्तंभाचे १३० मिळवा, नळीतलं घर्षण किलोभर वजा करा, तळाशी १९० च्या आसपास.

फॉलऑफ मात्र मी पहिल्यांदा फुकट घालवली. आमच्या थरातला दाब स्तंभापेक्षा कमी होता, त्यामुळे बंद केल्यावर काही तासांत वरचा गेज शून्यावर आला आणि पुढचं सगळं गेलं. मेमरी गेज (दाब स्वतःच नोंदवून ठेवणारा) आधी तळाशी सोडा, मगच व्हॉल्व्ह बंद करा, आणि तोही विहिरीवरचा. स्टेशनवरचा केला तर पाइपलाइनचा दाब मध्ये लुडबुडतो. हो, बंद करण्याआधी दोन-तीन दिवस दर एकसारखा ठेवा, हे राहिलंच. दुसऱ्या वेळी डेरिव्हेटिव्ह (दाब बदलण्याच्या वेगाचा आलेख) अर्ध्या चढाने वर गेला, हे भेगेचं लक्षण. भेगच.

पाणी कमी करून ५८ किलोवर आणलं. तीन आठवड्यांत शेजारचा वॉटर कट ७१ वर उतरला.

चार्टवर छापलेली मर्यादा अजून ८५ आहे. तिच्याखाली पेन्सिलीने ६० लिहिलंय, ते मी. पुढच्या वर्षी खडक आणखी गार झाला असेल, म्हणून शेजारी तारीखही टाकलीय.