हँडलवरचा मोबाईल आणि ट्यूबची पट्टी

उट्रेख्टला येऊन तीन वर्षं झाली, तरी गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "एवढ्या लांब जाऊन सायकलवरच फिरलालास का रे?" हो बाबा, सायकलवरच. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. इथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा तीन मजली तळ आहे. आपली कुठं लावली ते विसरलं की लातूरच्या गंजगोलाई बाजारात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखी गत होते. गोलाईतून सोळा रस्ते फुटतात खरे, पण तिथं पानवाल्याला विचारायची सोय असते. इथं सगळ्यांना घाई. मग विचारायचं ते मोबाईललाच.

सुरुवातीला मी एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल असा निघायचो. ऑफिसातल्या एका बाईंनी ते पाहिलं आणि रस्त्यातच झापलं. १ जुलै २०१९ पासून इथं सायकल चालवताना मोबाईल हातात धरायला बंदी आहे. होल्डरमध्ये बसवलेला चालतो. कायदा आला तेव्हा दंड होता ९५ युरो, आता तर वाढलाय. त्या साली तेवढ्या पैशात हमीभावानं दोन क्विंटल सोयाबीन आलं असतं. हा हिशोब केला आणि त्याच संध्याकाळी होल्डर मागवला. आपल्याकडं मोटारसायकलवर मान वाकडी करून, खांदा आणि कानात मोबाईल दाबून औशाहून लातूरला पोचणारे बहाद्दर आठवले. दंड भरता भरता त्यांचं इथं महिन्याभरात शेत विकायला निघेल.

पहिला होल्डर स्प्रिंगचा होता, स्वस्तातला. जुन्या शहरात कालव्याच्या कडेनं विटांचे रस्ते आहेत, दिसायला देखणे. त्या विटांवर तिसऱ्याच दिवशी मोबाईल उडाला आणि कालव्याच्या काठापासून हातभर अलीकडं पडला. काच गेली, फोन वाचला. दुसरा आणला स्क्रूनं आवळायचा. पण हँडलची जाडी मोजायची असते हे कुणाला माहीत? दांडा मुठीजवळ २२ मिलिमीटरच्या आसपास, मध्ये बऱ्याचदा २५.४, आणि काही सायकलींना तर ३१.८. माझा होल्डर जाड दांड्यासाठीचा निघाला. कितीही आवळला तरी नंदीबैलासारखी मान खाली घालायचा.

रात्री व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. आमचे अण्णा चाळीस वर्षं सायकलवर दुधाचे कॅन घालत होते. त्यांनी एकदाच बघितलं. "जुन्या ट्यूबची पट्टी काप, दोन वेढे दे, वरून आवळ."

एवढ्या प्रगत देशात फाटकी ट्यूब मागायला मी दुकानात गेलो. दुकानदारानं दोनदा विचारलं, नवी नको का? नको म्हणालो. पट्टी बसवली, तेव्हापासून होल्डर जागचा हललेला नाही. शिवाय रबर हादरेही थोडे खातं.

बाकीचं अनुभवानं कळत गेलं. इथला पाऊस बारीक आणि चिवट. स्क्रीनवर थेंब पडले की मोबाईल स्वतःच बटणं दाबतो. एकदा तर आमच्या मामांना परस्पर फोन लागला, तिकडं रात्रीचे दोन. एकदा होल्डर दिव्याच्या पुढं बसवला आणि अंधारात आपलाच उजेड आपण अडवला. अंधारात पुढं दिवा नसला तर त्याचाही दंड आहेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नजर. मोबाईलच्या नकाशातल्या निळ्या रेघेकडं बघता बघता मी एका आजीबाईंच्या चाकाला चाक लावलं. त्या पडल्या नाहीत, पण काय बोलल्या ते डच येत नसूनही समजलं.

आता रविवारी फिरायला जाताना मोबाईल खिशातच असतो. सायकलवाटांच्या ठरावीक फाट्यांवर नंबराची पाटी असते. घरून निघताना चिठ्ठीवर २१, ३४, ६७ असे आकडे लिहून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण-अभियंत्याच्या डोक्यातून निघालेली ही पद्धत १९९५ मध्ये तिकडं सुरू झाली आणि मग इकडं आली. चिठ्ठीला ना चार्जिंग लागतं ना रेंज.

मे महिन्यात गावी आलो तेव्हा अण्णांसाठी चार नख्यांचा होल्डर आणला. पुतण्याचा डोळा होता त्याच्यावर, मोटारसायकलला लावायला. त्याला सांगितलं, मोटारसायकलच्या थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनंच २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "काका, माझा कुठं ॲपल हाय?"

अण्णांच्या ॲटलसला तो बसेना. जुन्या सायकलीला ब्रेकच्या सळया हँडलखालून जातात. होल्डर आवळला की ब्रेक लागेना. शेवटी हँडलच्या मधल्या उभ्या दांड्यावर बसवला, अर्थात ट्यूबची पट्टी घालून. मोबाईल लावून अण्णा ऊन्हाचे शेताकडं निघाले. पारा बेचाळीसवर. वेशीपर्यंत पोचले नाहीत तोच मोबाईल तापून बंद पडला. असल्या फोनना पस्तिशीपुढचं ऊन सोसत नाही, हे मला उट्रेख्टच्या थंडीत कशाला सुचतंय!

"न्ही चालत तुझं यंत्र," म्हणाले आणि मोबाईल बंडीच्या खिशात टाकला.

त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्री बाराची होती. मी अंगणात बाजेवर पडलो होतो. अण्णा सायकल काढून निघाले, तर हँडलवर उजेड. होल्डरच्या चारही नख्यांत त्यांनी बॅटरी अडकवली होती, वरून ट्यूबची पट्टी, आणि दोन्ही हात हँडलवर.