जांबोटीच्या रानातले दोन रातवे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावहून जांबोटीला निघालो, तेव्हा पिशवीतल्या जुन्या वहीत एक चुकीची नोंद तशीच पडून होती. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्याकडेला टॉर्चच्या उजेडात बसलेल्या पक्ष्यापुढे मी ऐटीत 'जेर्डनचा रातवा' असे लिहिले होते. (रातवा म्हणजे रात्री उडणारा आणि दिवसा जमिनीवर पाल्यात दबून बसणारा पक्षी.) घरी येऊन छायाचित्र नीट पाहिले, तर तो रानरातवा निघाला. पिवळ्या उजेडात करड्या पिसांवरही तांबूस झाक चढते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नव्हते.

जांबोटीजवळच्या भीमगड परिसराला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तिथे रात्री फिरता येत नाही. त्यामुळे गावाबाहेरच्या काजूच्या बागेला लागून असलेला बांध आम्ही बसण्यासाठी निवडला. बाग ज्यांची, त्यांना सगळा गाव मामा म्हणतो. मी टॉर्च हातात घेताच ते म्हणाले, "जरा थांबा की ओ. आधी कानानं बघा, मग डोळ्यानं."

सव्वासातच्या सुमारास वरच्या झाडीतून पहिली हाक आली. 'चक्कू, चक्कू, चक्कू' अशी एका लयीत, दोन सेकंदांत साधारण तीन वेळा, आणि आठ-दहा सेकंदांनी एकदम बंद. हा रानरातवा. तो 'टक् टक् टक्' अशी झपाट्याने ठोके दिल्यासारखी दुसरी हाकही देतो आणि नवखा माणूस तिथेच फसतो. थोड्या वेळाने ओढ्याच्या बाजूने वेगळाच आवाज सुरू झाला: 'च्वो-वो-वो', पोकळ आणि किंचित थरथरता, मग काही सेकंदांची शांतता, मग पुन्हा तेच. हा जेर्डनचा. रानरातव्याची हाक सलग चालते, जेर्डनचा रातवा दोन हाकांमध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो. मला विचाराल तर, ही विश्रांती ऐकू आली की अर्धे काम झाले.

जेर्डन हे मद्रासकडे काम केलेले शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक. त्यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन 1845 मध्ये केले. रानरातव्याचे वर्णन त्याआधीच, 1790 मध्ये, लॅथम यांनी केले होते.

डोळ्यांनी ओळखायचे तर आकाराच्या नादी लागू नये, कारण अंधारात दोन-तीन सेंटिमीटरांचा फरक कोणालाही कळत नाही. बसलेल्या पक्ष्याची मान पाहावी. जेर्डनच्या रातव्याच्या मानेमागे तांबूस-तपकिरी पट्टा स्पष्ट असतो आणि तो रंग छातीच्या वरच्या भागावरही उतरतो. रानरातवा एकंदर करडा, डोक्यावर काळ्या रेघांचा, आणि तांबूस पट्टा नसलेला. पक्षी उडालाच, तर शेपटीकडे लक्ष द्यावे: जेर्डनच्या नराच्या बाहेरच्या दोन-दोन पिसांची टोके ठळक पांढरी दिसतात, रानरातव्याच्या नराच्या शेपटीवर हे पांढरे ठिपके लहान आणि जास्त पिसांवर विखुरलेले असतात. माद्यांच्या बाबतीत मात्र हा आधार फारसा कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बागेच्या कडेला मला हाताने थांबवले. माझ्या पायापासून चार पावलांवर, ऐनाच्या वाळलेल्या पानांत, एक पान जरा जास्तच जाड होते. दोन मिनिटे पाहिल्यावर त्या पानाला मिटलेला डोळा दिसला, आणि मग मानेमागचा तांबूस पट्टा, कोवळ्या उन्हात, टॉर्चच्या फसव्या झाकेशिवाय. रातवे घरटे बांधत नाहीत, जमिनीवरच अंडी घालतात. त्या पक्ष्याची बसण्याची ढब पाहून पोटाखाली अंडी असावीत असे वाटले, म्हणून कॅमेरा न काढता आम्ही मागच्या पावली परतलो. घरी चहा घेताना मामांनी सुनेला सांगून टाकले, की यंदा गोठ्यासाठी पाला गोळा करताना त्या बाजूला कोणी फिरकायचे नाही.